हंगामाची वीज

आमच्या घरात देवांपेक्षा जास्त जागा ॲम्प्लिफायरला होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको. देवांना स्वयंपाकघरातला एक कोनाडा. ॲम्प्लिफायरला सोप्याची सबंध पूर्वेची भिंत, शिसवी टेबल, टेबलाच्या पायांखाली ट्रकच्या ट्यूबचे कापलेले तुकडे आणि त्याखाली फरशी उचकटून ओतलेला काँक्रीटचा चौथरा. जमिनीतून थरथर वर चढते आणि आवाज गढूळ करते, असं तात्यांचं म्हणणं. आमच्या कळस गावात तेव्हा थरथर उठवील असं काही असेल तर ते उसाचे ट्रॅक्टर, आणि तेही आमच्या घरापासून दोन रानं सोडून पलीकडच्या रस्त्यानं जायचे. पण चौथरा झाला. गवंडी विचारत होता, वर काय बांधायचंय? वर बाजा ठेवायचाय म्हटल्यावर त्यानं मजुरी आधी मागून घेतली.

तात्या म्हणजे माझे वडील. एका साखर कारखान्यात टर्बाइन फोरमन. कारखान्याचं नाव लिहीत नाही. आमचे निम्मे नातेवाईक अजून तिथं सभासद आहेत आणि उरलेले निम्मे कामाला. टर्बाइन म्हणजे बॉयलरच्या वाफेवर फिरणारं यंत्र, ते फिरलं की कारखाना चालतो. त्याच्या खोलीत माणसं खुणांनी बोलतात, कारण ओरडून फक्त घसा दुखतो. ह्या आवाजात तात्यांची पंचवीसेक वर्षं गेली आणि ह्याच आवाजात त्यांचं नाव झालं. लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राच्या बेअरिंगला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "ह्ये चालंल. त्ये उघडा." ते उघडलं की आत खराबी हमखास सापडायची. शेजारच्या कारखान्यांतून बोलावणं यायचं, जीप पाठवून. आमचे आजोबा मेंढरं राखायचे. कळपात कुठलं मेंढरू खोकलं ते न बघता सांगायचे म्हणे. मेंढरं गेली, जमीन आली, ऊस आला, पण कान मात्र वारशानं तात्यांना मिळाला, असं माझी आत्या प्रत्येक लग्नात दोन्हीकडच्या पाहुण्यांना ऐकवायची.

आता असा कान असलेल्या माणसाला रेडिओवर समाधान कसं वाटणार? पुण्यात एक गृहस्थ घरी बसून व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बांधत. काचेच्या नळ्या, वरती निखाऱ्यासारख्या लाल होणाऱ्या. आवाज काढायला ज्या जगानं हे सगळं सोडून दिलं होतं, त्याच जगातले शहाणे लोक पुन्हा तेच दामदुप्पट मोलानं घेत होते, आणि तात्या त्या शहाण्यांत सामील झाले. पहिला ॲम्प्लिफायर एसटीच्या टपावरून बारामतीला आला आणि तिथून बैलगाडीतून, गवताच्या पेंढ्यांत, बाळंतिणीला आणावं तसा हळूहळू घरी. त्याचा आवाज खोलीभर पुरेल एवढाच. लग्नातल्या कर्ण्याची सवय असलेलं गाव बघायला आलं आणि निराश होऊन गेलं. एवढ्या मोठ्या धुडातून एवढुसा आवाज? गावानं त्याला 'तात्यांची शेगडी' म्हणायला सुरुवात केली. आईला मात्र त्याचा उपयोग सापडला. थंडीत दही लागायचं नाही, तर ती विरजणाचं भांडं गुपचूप ॲम्प्लिफायरवर ठेवी. घट्ट, कवडी पडलेलं दही व्हायचं. तात्यांनी एकदा पाहिलं तेव्हा दोन दिवस अबोला झाला, पण दही त्यांनीही खाल्लं.

मग आवाजात 'घूं' यायला लागला. तो फक्त तात्यांना यायचा. त्यावर उपाय म्हणून घरामागं पुरुषभर खड्डा खणला, त्यात तांब्याची पाटी पुरली, वर कोळसा आणि जाडं मीठ भरलं. ह्याला अर्थिंग म्हणतात. खड्डा ओला राहिला तरच वीज स्वच्छ राहते, म्हणून त्यात रोज पाणी घालायचं काम माझ्याकडं. पुढं मी बारामतीला अकरावी-बारावीला जायला लागले तरी ते सुटलं नाही. सकाळच्या एसटीआधी तुळशीला तांब्याभर आणि खड्ड्याला दोन कळश्या. उन्हाळ्यात आड आटायला आला की आई म्हणायची, "त्या खड्ड्याला डोहाळं लागल्यात का काय? किती पितंय ते!" आणि तात्या गंभीरपणे सांगायचे की मीठ आहे ना, तहान लागणारच.

हल्ली भाच्यानं मला फोनवर अशा हौशी लोकांच्या एका गटात घातलंय. मी तिथं गुपचूप वाचते. एक गृहस्थ स्पीकरच्या वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून चिनी मातीच्या खुंट्यांवर ठेवतात आणि त्यामुळे गाणारीचा श्वास ऐकू येतो म्हणतात. दुसऱ्यानं घराला वेगळा विजेचा खांब घेतलाय. लोक हसण्याच्या खुणा टाकत नाहीत. कुठल्या कंपनीची खुंटी ते विचारतात. मला अशा वेळी फार घरच्यासारखं वाटतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ऐकण्याचा कार्यक्रम असे. सरी पाडताना दोरी धरतात तशी दोरी धरून तात्यांनी दोन स्पीकर आणि एक खुर्ची अशी तिकाटणी आखली होती. खुर्चीच्या चार पायांखाली फरशीवर रंगाच्या चार खुणा. खुर्चीत तात्या, बाकीचे सतरंजीवर, बोलायला आणि खोकायला बंदी. आम्ही श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो. परीक्षेला एकच तबकडी, एका भजनी मंडळाची. भजन संपताना सगळं थांबतं आणि टाळांची किणकिण तेवढी बारीक बारीक होत विरून जाते. ती किणकिण शेवटपर्यंत ऐकू आली की ॲम्प्लिफायर पास. संपलं की तात्या मागं वळून विचारत, "फरक कळला का?" ह्या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होतं. फक्त आई एकदा म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाय का विचारा, तेवढं कळतं मला."

सतरंजीवर कायमचे पाहुणे म्हणजे गुलाबराव. चांगले बागायतदार, पांढरीशुभ्र टोपी, ऊस कारखान्याला वेळेवर जावा म्हणून कारखान्यातल्या प्रत्येक माणसाच्या हौशीत मन लावणारे. कुणाकडं कबुतरं बघायचे, कुणाकडं गुलाबाची कलमं, आमच्याकडं टाळ ऐकायचे. चहा आणि शेंगदाण्याचा लाडू समोर येईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले असत. "व्वा तात्या! अंगणात वाजत्यात जणू!" हे वाक्य त्यांनी पहिल्या ॲम्प्लिफायरला म्हटलं, दुसऱ्याला म्हटलं, आणि त्या दोहोंच्या मध्ये एकदा तात्यांच्या चुकून चालू राहिलेल्या रेडिओलाही म्हटलं.

दुसरा ॲम्प्लिफायर का आला, तर पहिल्यातले टाळ बसले. म्हणजे दिसेनासे झाले. तात्या आवाजाबद्दल बोलताना 'दिसतात' म्हणायचे. उसाचा हंगाम चालू असला की त्यांना टाळ अंधुक दिसत, आणि हंगाम संपून कारखाना बंद झाला की महिना-दोन महिन्यांत थोडे उजळत. ह्यावरून त्यांनी एक सिद्धांत बांधला. हंगामात कारखाना आपली वीज आपण तयार करतो, ती आसपासच्या तारांत झिरपते, आणि ती वीज जाडीभरडी असल्यामुळे आवाजातला बारीक भाग मरतो. हिला त्यांनी नाव दिलं होतं, हंगामाची वीज. मी विज्ञान शाखेत होते. पण बारामतीच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना हे विचारण्याची हिंमत मला झाली नाही, आणि घरात तात्यांच्या शब्दापुढं प्राध्यापकांना कोण विचारतो! आम्ही पाहुण्यांना सांगायचो, "हंगाम चालू हाय, म्हणून जरा मंद लागतंय," आणि पाहुणे समजूतदारपणे मान हलवायचे. एका आख्ख्या घरानं एवढा मूर्खपणा इतक्या गांभीर्यानं सांभाळला, हे आज लिहितानाही मला खरं वाटत नाही.

तिसरा ॲम्प्लिफायर दिवाळीच्या आधी आला. हा दोन डब्यांत होता, एक डबा आवाज समजून घ्यायला आणि दुसरा तो मोठा करायला, असं पुण्याच्या गृहस्थांनी समजावलं होतं. दोन्ही डबे उतरवायला चार माणसं लागली. तो यायच्या तीन दिवस आधी आईची दिवाळीची झाडलोट चालली होती. घरभर करंज्यांच्या सारणाचा वास, अंगणात वाळत टाकलेल्या गोधड्या, आणि परसात मी, चिंचेच्या कोळानं पितळ घाशीत बसलेली. समई, पळी, निरांजन, घंटा, गडवे. आईचा हुकूम होता की घरातलं झाडून सगळं पितळ आलं पाहिजे. हुकूम मी मनावर घेतला. सोप्यातले स्पीकर पुसताना त्यांच्या पाठीमागं मला चार पिवळ्या पट्ट्या दिसल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. काळवंडल्या होत्या. पेच सैल केले, काढल्या, चिंचेनं लखलखीत घासल्या आणि समईशेजारी देवाच्या ताटात उन्हाला ठेवल्या. मग आईनं शेव पाडायला हाक मारली आणि त्या पट्ट्या माझ्या डोक्यातून साफ गेल्या.

त्या पट्ट्या कशाच्या, हे तात्यांनी मला स्पीकर आणले तेव्हा चांगलं तासभर समजावलं होतं. एका स्पीकरच्या पेटीत दोन स्पीकर असतात, मोठा जाड आवाजाचा आणि छोटा बारीक आवाजाचा. वायर येते मोठ्याला, आणि तिथून ह्या पट्ट्यांवरून छोट्याला. पट्ट्या काढल्या की छोटा मुका. अर्थात पट्ट्या घासताना ह्यातलं मला काहीही आठवलं नाही. समोर पितळ होतं आणि हातात चिंच.

नवा ॲम्प्लिफायर बसला. तात्यांनी त्याच्या पाठीमागच्या वायरी स्वतः जोडल्या; स्पीकरच्या पाठीमागच्या होत्या तशाच होत्या, तिकडं बघायचं कारणच नव्हतं. रविवारी सकाळी गुलाबराव आणि आणखी तिघं सतरंजीवर बसले. भजन सुरू झालं आणि मला वाटलं, माझ्या कानाला दडा बसलाय. गाणारा गोधडीतून गात होता. पखवाजाची फक्त धुमधुम येत होती, शाई उडालेली. टाळ नव्हतेच. मंद नव्हते, लांब नव्हते, अजिबात नव्हते. शेवट आला, सगळं थांबलं, आणि सोप्यात नुसती शांतता पसरली. बाहेर एक कोंबडी तेवढी बोलत होती.

तात्यांचे डोळे मिटलेले. त्यांचा उजवा हात वर उचललेला, आणि बोटं हळूहळू मिटत चाललेली, टाळ विरतात तशी. बरोबर जेवढा वेळ ती किणकिण चालते तेवढा वेळ. मग त्यांनी डोळे उघडले.

"आत्ता दिसलं! आत्ता उघडलं! शेवटचा टाळ कसा सुटा निघाला, बघितलं का गुलाबराव?"

"व्वा तात्या! अंगणात वाजत्यात जणू!"

बाकीचे तिघंही व्वा म्हणाले. मी आईकडं पाहिलं. आई सतरंजीचा दोरा ओढत बसली होती. "वनिता, फरक कळला का?" तात्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, "व्हय तात्या." चहा आणायला आत गेले तर देवाच्या ताटात, समईला टेकून, चार पट्ट्या चमकत होत्या. तेव्हा मला सगळं एकदम समजलं, आणि हंगामाची वीजसुद्धा. हंगामभर टर्बाइनच्या आवाजात कान मार खात होते. कारखाना बंद झाला की थोडे सावरत होते. दर वर्षी थोडे कमी सावरत होते. आणि आम्ही मिठाला पाणी घालत होतो.

दुपारी मी आईला चुलीपाशी गाठलं. पट्ट्या तिच्यापुढं धरल्या आणि काय झालं ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"तुला आज कळलं व्हय?"

"म्हंजी? तुला म्हाईत हाय?"

"कुकरची शिट्टी कोण सांगतं त्यास्नी? फोन वाजला तर कोण हाक मारतं? तू आठवीत होतीस तवापासनं."

"मग डॉक्टरला दाखवायचं की बारामतीला!"

"कोण दाखवतंय? आन् कारखान्यात कळलं तर? मानूस त्या कानावर जेवतंय, वनिता. एवढं ध्यानात ठेव आन् गप ऱ्हा."

मला तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं ती सतरंजीवर बसून व्हय व्हय करत होती आणि मलाही तेच शिकवत होती. आता वाटतं, तिनं दुसरं काय केलं असतं? पण तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि ताटावरून उठून गेले. पट्ट्या मी कंपासपेटीत ठेवल्या. दोन दिवस त्या माझ्याबरोबर कॉलेजला जाऊन आल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या जेवायला बसले ते खुशीत. अंगाला मळीचा वास, पानात पिठलं-भाकरी आणि नव्या हंगामाचं बोलणं. परवा अध्यक्ष गव्हाणीत उसाची मोळी टाकणार, उद्या टर्बाइन फिरवून बघायचं. "तेलाचा पंप आज पास केला म्या," ते म्हणाले. हा पंप टर्बाइनला तेल पाजतो. तो चालता चालता अडकला तर टर्बाइन कोरडं पडतं, आणि एवढ्या वेगातलं लोखंड कोरडं पडलं तर ते जागेवर राहत नाही. हे तात्यांनीच मला लहानपणी सांगितलेलं. प्रत्येक पाळीला पाच-सहा माणसं त्या खोलीत असतात.

"काय किरकिर बिरकिर न्हवती न्हवं?" मी विचारलं.

तात्यांचा घास हातात राहिला. "मला न्हाय आली," ते म्हणाले, आणि आईनं घाईघाईनं त्यांच्या पानात आणखी पिठलं वाढलं.

सकाळी ते चहा घेत होते तेव्हा मी चारही पट्ट्या त्यांच्या बशीशेजारी ठेवल्या. आई दारात आली आणि मला डोळ्यांनी दटावू लागली.

"काय ह्ये?"

"तुमच्या स्पीकरच्या हायेत. पितळ घासताना म्या काढल्या. रविवारच्या आदी."

त्यांना अर्थ कळायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "कुणाला इचारून हात लावला? अक्कल हाय का?" ते आठ-दहा वाक्यं ओरडले. मी रडत होते, पण हलले नाही. ओरडणं संपल्यावर ते उठले, खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "चालू कर. पट्ट्या लाव नायतर लावू नगं. मला सांगू नगं. मी सांगतो."

पुण्या-मुंबईचे हौशी लोक वायरींच्या बाबतीत अशी परीक्षा द्यायला सहसा तयार होत नाहीत, हे मी त्या फोनवरच्या गटात पाहिलंय. तात्या तयार झाले. पाच वेळा मी तबकडीचा शेवट लावला. कधी पट्ट्यांसकट, कधी पट्ट्यांशिवाय. पट्ट्या होत्या तेव्हा टाळ खरोखरच अंगणात वाजावेत तसे लख्ख वाजत होते. तो ॲम्प्लिफायर फार सुंदर होता, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्या वेळी तात्या म्हणाले, "हायेत." नव्हत्या. दुसऱ्या वेळी म्हणाले, "न्हायत." होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी नुसता अंदाज सांगितला. पाचव्या वेळी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघून उत्तर शोधायचा प्रयत्न केला. माझ्या बापाला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"बास," ते म्हणाले. "चप्पल घाल. चल."

"कुठं वो?" आईनं विचारलं. "तिचं कालेज हाय."

तात्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असेल.

टर्बाइनच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. मोठं यंत्र अजून थंड होतं, तेलाचा पंप तेवढा चालू होता. तिथं चीफ इंजिनिअर साहेब आणि दोन फिटर उभे होते. सलवार-कमीज घातलेली, खांद्याला कॉलेजची पिशवी असलेली मुलगी बघून फिटर एकमेकांकडं बघायला लागले. तात्यांनी कोपऱ्यातला लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागं लावली.

"डोळं मिट. काय येतंय?"

आधी नुसता गुणगुणाट आला, गिरणीसारखा. मग त्याच्या वर, फार वर, एक बारीक किर्र ऐकू आलं, मध्ये मध्ये काहीतरी टोचल्यासारखं. मी सांगायला लागले तर तात्यांनी आपला तळहात पुढं केला. "तोंडानं नगं. हितं वाजीव. जसं येतंय तसं."

मी डोळे मिटून त्यांच्या तळहातावर बोटानं वाजवत राहिले. टक्. टक्. मग दोन चुकवून टक्. परत टक्. तेलानं काळा झालेला, खरबरीत हात. त्यांनीही डोळे मिटले होते. मला वाटतं मिनिटभर आम्ही तसे उभे होतो. मग त्यांनी हात मिटला.

"साहेब, पंप उघडा. बेअरिंगची गोळी गेलीया."

साहेब सज्जन होते, पण उद्या अध्यक्ष यायचे होते. "तात्या, काल तुम्हीच पास केलात. आणि आज पोरीच्या ऐकण्यावरून उघडायचा? मी वर काय सांगू?"

तात्यांना आपण किती मोठ्यानं बोलतो ह्याचा अंदाज राहिला नव्हता. ते जे बोलले ते पंपाच्या आवाजावरून, दारात जमलेल्या बॉयलरवरच्या माणसांपर्यंत गेलं. "काल म्या अंदाजानं पास केला. मला बारीक आवाज ऐकू येत न्हाय, साहेब. चार हंगाम झालं. तिला येतोय. गोळी गेल्यावर कसलं वाजतं ते मला म्हाईत हाय. उघडा."

एका फिटरनं पान्हा उचलला आणि पंप बंद केला. उघडायला दुपार झाली. मी बाहेर बाकड्यावर बसून होते. कुणीतरी मला चहा आणि क्रीमरोल आणून दिला. मग आतून फिटर आला आणि त्यानं तात्यांच्या हातावर बेअरिंगची एक गोळी ठेवली. तिच्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढा खड्डा होता. साहेबांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली आणि माझंही कौतुक केलं. त्याच आठवड्यात त्यांनी तात्यांना टर्बाइनवरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. नट-बोल्ट मोजून द्यायला कान लागत नाही. शेजारच्या कारखान्यांची जीप पुन्हा कधी आली नाही. गुलाबरावांनी ऊस वेळेवर जावा म्हणून दुसरी हौस शोधली, आणि आई दिवाळी संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही मोटरसायकलवरून घरी निघालो होतो. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, समोरून तोडणीवाल्यांच्या गाड्या मुक्कामाला येत होत्या, बैलांच्या गळ्यात घुंगरं. मागून तात्यांची मान दिसत होती, आणि ती म्हाताऱ्या माणसाची मान होती. माझ्यामुळं आज ह्यांचं नाव गेलं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आणि त्याच वेळी, त्या सगळ्या माणसांसमोर ते जे बोलले त्यामुळं मला त्यांचा एवढा अभिमान वाटत होता की तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. मी त्यांच्या पाठीशी वाकून ते सांगितलं. "तात्या, मला तुमचा लई अभिमान वाटतो."

"आँ?"

परत सांगितलं. त्यांनी मान वळवली, पण वाऱ्यात आणि इंजिनात काही गेलं नाही. "थांबवा," मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरून माझ्यासमोर उभे राहिले. मी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं होतं तेव्हा कुजबुजत म्हटलं होतं. आमच्याकडं मुली बापाला असलं काही बोलत नाहीत. आता मला ते भर रस्त्यात, बैलगाड्या जात असताना, बेंबीच्या देठापासून ओरडून सांगावं लागलं. एका गाडीवानानं बैल थांबवून आमच्याकडं पाहिलं. पलीकडच्या कोवळ्या उसात खुरपणाऱ्या बायका उभ्या राहिल्या.

ह्या वेळी तात्यांना ऐकू गेलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, टोपी सारखी केली, आणि म्हणाले, "अजून एकदा म्हण."

मी पुन्हा ओरडले.